घड्याळाच्या पट्ट्याखालची गोरी कातडी

मोहन्याहून आंबिवली स्टेशनापर्यंत एप्रिल-मेच्या उन्हात रोज ये-जा करणाऱ्या कुणाच्याही मनगटावरचं घड्याळ काढून पाहा. पट्ट्याखालची कातडी उजळ, आजूबाजूची रापलेली. सव्वाशे वर्षांपूर्वी कोपनहेगनमधल्या एका आजारी डॉक्टरनं असाच पट्टा मुद्दाम स्वतःच्या हातावर उमटवला होता. त्यांचं नाव नील्स फिन्सेन.

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवरचा, घराणं मूळचं आइसलंडचं. शाळेतली प्रगती बेताचीच. विद्यार्थीदशेतच त्यांना दुखणं जडलं. हृदयाभोवतीचं आवरण जाड होत जाणारा तो आजार. पुढे त्यापायी पोटात पाणी साठू लागलं. १८९० मध्ये ते डॉक्टर झाले, पण शरीररचनाशास्त्र शिकवण्याची नोकरी तीनच वर्षांत सोडली. घर उत्तरेकडे तोंड असलेलं, ऊन आत यायचं नाही. सतत थकवा असलेल्या या माणसाला उन्हात बसलं की बरं वाटायचं. छपरावर ऊन खात बसलेलं मांजर सावली आली की पुढे सरकतं, हेही त्यांनी टिपून ठेवलं होतं. ऊन शरीराचं नेमकं काय करतं, या प्रश्नानं त्यांना धरलं ते कायमचं.

मग शाईचा प्रयोग. हातावर काळ्या शाईचा रुंद पट्टा रंगवून त्यांनी हात काही तास कडक उन्हात धरला. शाई धुतली तर खालची कातडी जशीच्या तशी. बाकीचा हात आधी लाल झाला, दुखला, सुजला आणि काही दिवसांनी तपकिरी झाला. पुढच्या वेळी त्यांनी तोच हात शाईशिवाय उन्हात धरला. या वेळी भाजला तो गोरा राहिलेला पट्टा. आधी रापलेला भाग थोडा आणखी काळवंडला, एवढंच. रापणं हा त्वचेचा बचाव आहे, हे त्यांना स्वतःच्या हातावरच दिसलं. (घरी करून पाहू नका. भाजतं ते खरंच भाजतं.)

त्वचेला भाजणारी गोष्ट उन्हाची उष्णता नसून अतिनील किरण आहेत, हे स्वीडनच्या विडमार्क यांनी १८८९ मध्ये दाखवलं होतं. म्हणून गार वाऱ्यात किंवा विरळ ढगांखालीही कातडी लाल होते. आज आणखी कळलं आहे. या किरणांनी पेशीतल्या डीएनएला इजा झाली की त्वचा मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढवते आणि ते पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखं पसरतं. म्हणजे बचाव सुरू होतो तो नुकसान झाल्यावर. शिवाय छत्री तोकडी: रापलेल्या त्वचेचं संरक्षण जेमतेम तीन-चार एसपीएफच्या क्रीमएवढं.

आपण मुळातच सावळे, आपल्याला ऊन काय करणार, असं पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच खरं. गोऱ्या लोकांच्या मानानं आपल्यात त्वचेचा कर्करोग खूपच कमी, पण वांग, काळे डाग आणि अकाली सुरकुत्या उन्हानं वाढतातच. सकाळी दहा ते दुपारी चार सावली धरावी, छत्री, ओढणी, पूर्ण बाह्यांचं सुती कापड वापरावं. उघड्या भागावर किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन, तेही दर दोन तासांनी पुन्हा. बंद काचेच्या खिडकीशी बसून निर्धास्त होऊ नये; अतिनील किरणांतले ‘ए’ प्रकारचे काचेतून येतात. आणि रंग-आकार बदलणारा तीळ किंवा न भरणारी जखम असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी, मग रंग कोणताही असो.

फिन्सेन मात्र उन्हाला शत्रू मानून थांबले नाहीत. त्वचेचा क्षय तेव्हा चेहरे अक्षरशः खाऊन टाकत असे. १८९५ मध्ये त्यांनी विजेच्या प्रखर दिव्याचा प्रकाश, उष्णता गाळून, अशा एका रुग्णाच्या चेहऱ्यावर एकवटला आणि रोग हटत गेला. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये प्रकाशोपचार संस्था उभी राहिली. देवीच्या रुग्णांना लाल प्रकाशात ठेवण्याची त्यांची कल्पना काळाच्या ओघात मागे पडली, पण या दिव्यानं शेकडो रुग्णांना चेहरा परत दिला.

१९०३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं; डेन्मार्कचं ते पहिलं. पण तब्येतीमुळे ते घ्यायला ते जाऊ शकले नाहीत. रकमेचा मोठा भाग त्यांनी आपली संस्था आणि हृदय-यकृताच्या रुग्णांचं रुग्णालय यांना दिला. शेवटी शेवटी ते आपल्या शरीरात मीठ किती साठतं, याच्या नोंदी ठेवत होते. त्यावरचा लेख लिहून झाला आणि २४ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी, ते गेले.