नारायण धारप आणि आठवी-नववीतली भीती

आमच्या उचगावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. कविता होतात, कथाकथन होतं, सीमाप्रश्नावर भाषणं होतात. पण भुताची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाचं नाव तिथं मी अजून ऐकलेलं नाही. म्हणून या अंकात नारायण धारपांविषयी लिहिते आहे.

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५चा. शिक्षण विज्ञानाचं. बी.एस्सी. टेक. झाल्यावर नोकरीसाठी ते काही काळ आफ्रिकेत राहिले, परत आले आणि लिहीत राहिले. शंभरावर पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. त्यात विज्ञानकथाही आहेत, पण लोकांना आठवतात त्या भयकथाच. रसायनं शिकलेला माणूस भुतांवर लिहितो याचं आधी नवल वाटतं. वाचायला लागलं की ते ओसरतं. धारप आधी रोजचं जग नीट मांडतात: साधी नोकरी, वारशानं आलेलं घर, शेजारीपाजारी. मग त्यातली एकच वस्तू जागची हलते. त्यांच्या एका कादंबरीचं नाव आहे '४४० चंदनवाडी'. नुसता पत्ता! पोस्टमनसुद्धा रोज वाचतो असा. भीती तिथूनच सुरू होते.

त्यांचा सर्वांत लाडका नायक म्हणजे समर्थ. अघोरी शक्तींशी झुंजणाऱ्या या माणसाच्या कथा आपल्याला सांगतात अप्पा जोशी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा साधा माणूस. ही युक्ती फार कामाची आहे. समर्थांना सगळं कळतं, त्यामुळे ते घाबरत नाहीत. अप्पा घाबरतात, आणि आपण अप्पांच्या शेजारी बसलेले असतो.

धारपांवर एक आक्षेप नेहमी येतो, की कल्पना उसन्या आहेत. ते खरं आहे. 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची १९७५ची 'सेलम्स लॉट' आहे, 'शपथ'च्या मागे १९८६ची 'इट'. पण किंगच्या त्या गावात कॅथलिक फादर आहे, क्रूस आहे, पवित्र पाणी आहे. माझ्या घरात हे सगळं ओळखीचं. बहुतेक मराठी वाचकांच्या घरात नाही. तिथं भीतीही वेगळी लागते आणि तिच्यावरचा उताराही. नुसत्या भाषांतरानं ते काम होत नाही. कल्पना उसनी असली तरी घर मराठी उभं करावं लागतं, आणि ते धारपांनी केलं.

समीक्षकांनी मात्र त्यांना दाराबाहेरच ठेवलं. आपल्या बेळगावशी नातं असलेले जी. ए. कुलकर्णी धारपांपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. जी.ए. मला अभ्यासाला होते, धारप तीन वर्षांत एकदाही आले नाहीत. ते राहिले वाचनालयांत, बाइंडिंग सुटलेल्या पुस्तकांत आणि ऐकलेल्या गोष्टींत.

ऐकलेल्या गोष्टीचं बळ बघा. १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मुलाला त्याच्या मित्रानं धारपांची एक गोष्ट सांगितली. तो मुलगा म्हणजे राही अनिल बर्वे. चांगलाच टरकला. अठराव्या वर्षी त्यानं त्यावरून पहिला मसुदा लिहिला आणि २०१८मध्ये 'तुंबाड' पडद्यावर आला. सिनेमातल्या त्या आजीचं मूळ धारपांच्या 'आजी' या कथेत आहे. धारपांना ते बघायला मिळालं नाही. १८ ऑगस्ट २००८ला, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी, ते गेले.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या भागातल्या आठवी-नववीच्या पोरांना मराठी भेटते ती धड्यात आणि पेपरात. घाबरायचं असेल तर ती मोबाईलवर हिंदी नाहीतर इंग्रजीत घाबरतात. पुस्तक हातातून सुटत नाही, दिवा बंद करवत नाही, हा अनुभव मराठीत एकदा तरी यायला हवा. नाहीतर दहावीनंतर मराठी वाचायचं कारणच उरत नाही.

मंडळातल्या लिहिणाऱ्यांना म्हणून एक सुचवते. पुढच्या अंकासाठी भयकथा लिहा. जागा आपल्या ओळखीची घ्या: एस.टी.चा थांबा, उसाच्या कडेची पायवाट, बंद पडलेली गिरण. भूत लवकर दाखवू नका. लिहून झालं की आधी सरांना देऊ नका. शेजारच्या नववीतल्या पोराला वाचून दाखवा, आणि मधेच थांबा. त्यानं "मग?" विचारलं, तरच पाठवा.