टाकीचे गणित आणि डॅनिएल बर्नुली

पोहण्याच्या तलावात एकीकडून स्वच्छ पाणी येते, दुसरीकडून तेवढेच मिसळलेले पाणी जाते. तर घाण किती वेळाने किती उरेल? अवकल समीकरणांच्या तासाला सरांनी हे उदाहरण फळ्यावर मांडले. शिल्लक घाणीच्या प्रमाणातच घाण कमी होते. त्यामुळे नवी घाण पडली नाही, तरी तलावभर पाणी बदलल्यावर शेकडा ३७ भाग घाण उरते. तीन तलाव पाणी ओतले तरी ५ भाग. मला हे खरेच वाटेना. या विचाराचा माग काढता काढता मी डॅनिएल बर्नुलीपाशी पोहोचलो.

तो १७०० साली ग्रोनिंगेनला जन्मला. घराणे बाझेलचे. वडील योहान आणि काका याकोब दोघेही नामवंत गणिती; तरी वडिलांचा आग्रह असा, की मुलाने व्यापार करावा. (घरातल्या अशा आग्रहाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.) अखेर वैद्यकावर तडजोड झाली. १७२१ साली श्वसनावर प्रबंध लिहून तो वैद्य झाला, पण गणित सुटले नाही. १७२५ साली भाऊ निकोलाउसबरोबर तो सेंट पीटर्सबर्गला गेला. वर्षभरात भाऊ वारला. १७३३ साली तो बाझेलला परतला तो शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवायला!

१७३४ साली पॅरिसच्या अकादमीचे बक्षीस बापलेकांना विभागून मिळाले. मुलगा बरोबरीचा ठरला हे वडिलांना सोसले नाही. १७३८ साली डॅनिएलचा वाहत्या पाण्यावरचा ग्रंथ निघाला, तर वडिलांनी त्याच विषयावरचे आपले पुस्तक मागाहून काढून त्यावर १७३२ साल घातले. एवढ्या मोठ्या माणसाने असे करावे!

१७६० साली त्याने हे गणित देवीच्या रोगाला लावले. देवी न आलेल्यांपैकी दर वर्षी आठांत एकाला त्या येतात आणि आलेल्या आठांत एक दगावतो, असे त्याने धरले. तलावातल्या घाणीसारखीच ही संख्या घटत जाते. देवीचे मरण टळले तर सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल, असे उत्तर आले. म्हणून सर्वांना टोचावे, असे त्याचे मत. त्या काळी रोग्याच्या फोडातलेच द्रव्य टोचत. त्याने काही जण मरतही. दालांबेरने हरकत घेतली, की लांबचा लाभ आणि आजचा धोका एका तराजूत घालता येत नाहीत.

डॅनिएल १७८२ साली बाझेललाच वारला. गणित त्याचेच बरोबर, असे सर म्हणतात आणि मलाही ते पटते. पण ज्या आईचे मूल टोचल्यावर दगावले, तिला ती तीन वर्षे कोण समजावणार होते?