शेठ वालचंद हिराचंद : माळरान ते महासागर

सोलापूरच्या दिगंबर जैन दोशी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद यांचा जन्म झाला. सावकारी व कापसाचा व्यापार ही घरची परंपरा. परंतु गादीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बांधकामाचे ठेके घेतले. जैन शेठजी आणि ब्राह्मण कारकून अशी ही जोडी त्या काळी नवलाचीच होती.

नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साथीने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडली. त्याहून घातक होती त्यांची परताव्याची पद्धत. भाड्याचा काही भाग त्या अडकवून ठेवीत आणि व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या जहाजात माल चढविला की तो परतावा बुडे. याला स्पर्धा म्हणता येणार नाही. ही व्यापाऱ्याच्या मानेवरची सुरीच होती. सिंदिया विकत घेण्याचा प्रस्तावही आला. भागधारकांचे बुडते भांडवल वाचले असते, तरी तो नाकारला गेला. १९२३ मध्ये मात्र दहा वर्षे केवळ किनारी वाहतूक करण्याचा जाचक करार पत्करावा लागला. अपमान गिळून कंपनी जिवंत ठेवली, हाच त्यातील शहाणपणा.

मालेगावजवळ रावळगाव येथे त्यांनी खडकाळ जमिनीत ऊस फुलविला. १९३२ मध्ये साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि इंदापूर तालुक्यात, नीरा कालव्याच्या आश्रयाने, कळंबच्या माळावर कारखाना उभा राहिला. मुंबई-पुण्याला पैसा नेण्याऐवजी तो त्यांनी अवर्षणग्रस्त मुलखात नेला. कारखान्याभोवती वसाहत, शाळा, दवाखाना आले. गावकऱ्यांना दारातच रोजगार मिळाला. साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीही पुढे येथेच घडू लागली. तेच आजचे वालचंदनगर.

म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स असा त्यांचा झपाटा होता. विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारच्या ताब्यात गेला. विशाखापट्टणमला बांधलेले 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे शेठजींचे निधन झाले. 'लॉयल्टी' निघाली तो ५ एप्रिल १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.