कोबीच्या शेतातून उडालेलं रॉकेट : रॉबर्ट गॉडर्ड यांची गोष्ट

शिरूर कासार : तालुक्यात विज्ञान प्रदर्शन भरलं की एक-दोन रॉकेटं त्यात हमखास असतात. कुणाचं पुठ्ठ्याच्या नळीचं, कुणाचं पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचं, कुणाचं कोल्ड्रिंकच्या बाटलीचं. त्यात एखादं पोरगं वेगळ्याच आकाराचं काहीतरी जुळवून आणतं. अंग चौकोनी, नाहीतर मध्ये बारीक आणि खाली फाकलेलं. मग बघणारे हसतात. रॉकेट म्हणजे लांबट, गोल आणि वर टोक, हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण द्रवरूप इंधनावर उडालेलं जगातलं पहिलं रॉकेट या चित्रात बसतच नाही. त्याला अंग नव्हतंच, नुसत्या नळ्यांचा सांगाडा होता. इंजिन वर आणि इंधनाच्या टाक्या खाली. आज कुणी बघितलं तर उलटं धरलंय असंच म्हणेल. ते उडालं एका शेतातून, आणि ज्यानं ते बनवलं त्याच्या वाट्याला हसणारेच जास्त आले. त्यांचं नाव रॉबर्ट गॉडर्ड.

गॉडर्ड यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावातला. लहानपणापासून तब्येत नाजूक. आजारपणामुळं शाळा बुडायची, वर्गातली पोरं पुढं जायची. घरात बसून वाचन आणि खटपटी, एवढंच हाती होतं. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यानं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेऊन घरीच फुगा बनवायला घेतला. त्यात हायड्रोजन भरायचा आणि वर सोडायचा. कित्येक आठवडे राबला, पण पत्रा जड पडला आणि फुगा जागचा हलला नाही.

त्याच सुमारास एच. जी. वेल्स यांची मंगळावरून आलेल्या लोकांची कादंबरी त्याच्या वाचनात आली. १९ ऑक्टोबर १८९९ ला, सतरा वर्षांचा असताना, तो घरामागच्या चेरीच्या झाडावर चढला होता. काम साधं, वाळलेल्या फांद्या तोडायच्या. आपल्याकडं आंब्याच्या झाडावर चढून कितीतरी पोरं हे काम करतात. पण वर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की मंगळापर्यंत जाणारं यंत्र बनवता आलं तर काय होईल. खाली उतरला तो तेच डोक्यात घेऊन. पुढं आयुष्यभर त्यांनी ही तारीख सणासारखी पाळली. १९३८ च्या वादळात ते झाड पडलं, त्याचीही नोंद त्यांच्या डायरीत आहे.

शिक्षण उशिरा पण नेटानं झालं. गावातल्याच तांत्रिक कॉलेजातून १९०८ ला पदवी, क्लार्क विद्यापीठातून १९११ ला पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट. मध्यंतरी कॉलेजच्या तळघरात दारूचं रॉकेट पेटवून त्यांनी सगळी इमारत धुरानं भरून टाकली होती. १९१३ मध्ये क्षयानं गाठलं. डॉक्टरांच्या हिशोबानं हातात दोनच आठवडे उरले होते. त्या काळात क्षयाला औषध नव्हतं. पण गडी उठून बसला, आणि अंथरुणात असतानाच कागदपत्रं लिहायला लागला. जुलै १९१४ मध्ये त्यांना दोन पेटंट मिळाली. एकात टप्प्याटप्प्यानं उडणारं रॉकेट होतं, दुसऱ्यात द्रवरूप इंधनाची कल्पना. आज श्रीहरिकोट्यावरून जे उडतं त्याची मुळं या दोन कागदांत दिसतात.

नळीच्या आकाराची खरी गोष्ट इथून सुरू होते. रॉकेट आपल्या मुलखाला नवीन नाही. मराठ्यांच्या फौजांत बाण होते, आणि म्हैसूरच्या फौजेचे लोखंडी नळीचे, बांबूला बांधलेले बाण तर इंग्रजांनी १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर लंडनला नेऊन अभ्यासले. त्यावरून काँग्रीव्ह यांनी विलायती रॉकेट काढलं. तरी मूळ घडण तीच राहिली होती : सरळ नळी, आत दारू, मागं भोक. गॉडर्ड यांनी हे सगळं मोजायला घेतलं. साध्या शोभेच्या रॉकेटात दारूतली दोनेक टक्केच ताकद ढकलायच्या कामी येते, बाकी उष्णता आणि धूर होऊन जाते, असं त्यांना आढळलं.

मग त्यांनी नळीचं तोंड बदललं. सरळ भोकाऐवजी आधी आवळलेलं आणि मग हळूहळू फाकत जाणारं तोंड, म्हणजे साधारण डमरूसारखं. हा आकार त्यांचा स्वतःचा नव्हता. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी तो वाफेच्या चक्कीसाठी काढला होता. आपल्याकडच्या दूधवाल्यांनी या माणसाला दुवा द्यावा, कारण दुधातून साय वेगळी करणारं फिरतं यंत्र याच द लाव्हाल यांनी चालतं केलं. तर हे डमरूचं तोंड पोलादी नळीला बसवल्यावर त्याच दारूतली साठ टक्क्यांपेक्षा जास्त ताकद कामी आली. फरक फक्त नळीच्या आकाराचा होता.

दुसरा प्रयोग तितकाच महत्त्वाचा. रॉकेट मागच्या हवेला ढकलतं म्हणून पुढं जातं, असं तेव्हा शिकलेसवरलेले लोकही समजत. तसं असेल तर हवा नसलेल्या अंतराळात रॉकेट बंद पडणार. गॉडर्ड यांनी हवा काढून घेतलेल्या नळीत रॉकेट पेटवून बघितलं. धक्का कमी झाला नाही, उलट वाढला. चाकाच्या गाड्यावर बसून मागच्या बाजूला पोती फेकली तर गाडा पुढं सरकतो. त्याला हवेची गरज नसते, फेकलेल्या वजनाची असते.

१९१७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनं पाच हजार डॉलर दिले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करासाठी नळीतून सुटणारं छोटं रॉकेट बनवलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये त्याचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा नळी टेकवायला वाजंत्र्यांचा कागद ठेवायचा स्टँड वापरला होता. चार-पाच दिवसांत युद्धच संपलं आणि काम बासनात गेलं. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे फोडणारा बझुका आला तो याच कामाच्या वाटेनं.

आता त्या बातमीकडं येतो. आम्ही बातम्या लिहिणाऱ्यांनी ती वाचून ठेवण्यासारखी आहे. स्मिथसोनियननं गॉडर्ड यांचा ६९ पानांचा प्रबंध छापला. सगळी आकडेमोड, मोजमाप, आणि शेवटाकडं एवढंच की पुरेसं मोठं रॉकेट चंद्रावर जाऊन तिथं चमकणारी पूड पेटवू शकेल. १९२० च्या जानेवारीत पेपरवाल्यांनी बाकीचं सोडलं आणि चंद्र तेवढा उचलला. १३ जानेवारीला न्यूयॉर्क टाइम्सनं संपादकीयातून गॉडर्ड यांची खिल्ली उडवली. अंतराळात ढकलायला हवा नसते, हे शाळेतल्या पोराला कळतं ते या प्राध्यापकाला कळत नाही, असा एकूण सूर. ज्या गोष्टीचा निकाल गॉडर्ड यांनी प्रयोग करून लावला होता, तीच गोष्ट खुर्चीत बसून खोटी ठरवली गेली.

गॉडर्ड भांडखोर नव्हते. त्यांनी उत्तर दिलं, पण मनातून मिटून गेले. त्यानंतर कामाबद्दल फार कमी बोलायचं, कमी छापायचं, परक्याला जवळ येऊ द्यायचं नाही, असं त्यांचं धोरण झालं. माझ्या मते ही त्यांची चूक होती, पण ती त्यांच्याकडून करवून घेतली गेली.

काम मात्र थांबलं नाही. दारूपेक्षा पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजन यांत जास्त ताकद आहे हे गणितानं दिसत होतं. पण द्रवरूप ऑक्सिजन म्हणजे उणे १८३ अंशांचा प्रकार, आणि शेजारीच पेटता जाळ. सगळे भाग क्लार्क विद्यापीठाच्या कारखान्यात हातानं बनवायचे. वूस्टरजवळच्या ऑबर्न गावात एफी वॉर्ड नावाच्या लांबच्या नात्यातल्या बाईंचं शेत होतं, तिथं उडवायला परवानगी मिळाली. आपल्या वावरात असलं काही पेटवू देणारी ती बाई मला फार मोठ्या मनाची वाटते.

१६ मार्च १९२६. जमिनीवर अजून बर्फ होतं. सोबत गॉडर्ड यांची पत्नी एस्थर, कारागीर हेन्री सॅक्स आणि सहकारी पर्सी रूप, एवढीच माणसं. पाइपच्या चौकटीत ते तीनेक मीटर उंचीचं रॉकेट उभं केलं. वर इंजिन, तिथून खाली दोन लांब नळ्या, नळ्यांच्या खालच्या टोकाला टाक्या. इंजिनाचा जाळ सरळ टाक्यांवर येऊ नये म्हणून टाक्यांवर शंकूसारखी टोपी बसवलेली. सॅक्स यांनी काठीला बांधलेल्या ब्लो-लॅम्पनं पेटवलं. रॉकेट गर्जायला लागलं पण हलेना. आतलं इंधन जळून वजन कमी झालं तेव्हा कुठं ते उठलं. अडीच सेकंद उडालं. साडेबारा मीटर वर गेलं आणि ५६ मीटरवर जाऊन पडलं, कोबीच्या वाफ्यात. एस्थर कॅमेरा घेऊन उभ्या होत्या, पण त्या कॅमेऱ्याची चावी सातेक सेकंदांत उतरायची. रॉकेट उठायच्या आधीच ती संपली. त्यामुळं या उड्डाणाची फिल्म नाही.

इंजिन वर का ठेवलं होतं? त्यांचा विचार असा की पुढून ओढलं तर मागचं आपोआप सरळ येईल, जशी बैलांमागं गाडी येते. पण इथं एक मेख आहे. बैल गाडीला घट्ट खिळलेले नसतात, गाडी तिरपी झाली तरी ते रस्त्यानं सरळ चालू शकतात. रॉकेटचं इंजिन सांगाड्याला जखडलेलं असतं. सांगाडा कलला की इंजिनही कलतं आणि त्याच तिरप्या दिशेला ओढत राहतं. मग इंजिन वर असो की खाली, फायदा काही नाही. गॉडर्ड यांना हे उड्डाणांतून कळलं आणि त्यांनी इंजिन खाली, शेपटाकडं नेलं. ज्या आकारानं जगात पहिलं नाव मिळणार होतं, तो त्यांनी लगेच सोडून दिला. हे सगळ्यांना जमत नाही. एकदा पीक आलं की तेच बियाणं धरून बसणारे आपण कितीतरी बघतो.

प्रदर्शनासाठी वेगळ्या आकाराचं रॉकेट करणाऱ्या पोरांना इथं एक सांगून ठेवतो. अंग चौकोनी, तिकोनी, कसंही असू द्या. बघायचं ते इतकंच की वजन पुढं असावं आणि वारा धरणारे पंख मागं. रॉकेट दोरीवर समतोल राहील त्या जागी दोरी बांधा आणि डोक्याभोवती गरागरा फिरवा. टोक पुढं ठेवून फिरलं तर सरळ उडेल, आडवं किंवा उलटं फिरलं तर टोकाला वजन द्या, नाहीतर पंख मोठे करा. दिवाळीच्या रॉकेटाची लांब काडी हेच काम करते. आणि दारू भरायच्या भानगडीत पडू नका, बाटलीत पाणी आणि पंपाची हवा पुरते.

१७ जुलै १९२९ ला गॉडर्ड यांनी रॉकेटात हवेचा दाब मोजायचं यंत्र, तापमापक आणि कॅमेरा बसवून उडवलं. आवाज एवढा झाला की विमान पडलं समजून पोलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्स धावत आल्या. पेपरांनी पुन्हा चंद्राच्या नावानं टर उडवली, आणि राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्यानं तिथं रॉकेट उडवायला बंदी घातली. पण तीच बातमी चार्ल्स लिंडबर्ग यांनी वाचली. अटलांटिक महासागर एकट्यानं विमानातून पार केलेला हा माणूस. तो स्वतः भेटायला आला आणि त्यानं गुगेनहाइम या श्रीमंत कुटुंबाकडून वर्षाला २५ हजार डॉलर मिळवून दिले.

१९३० मध्ये गॉडर्ड न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेले. कोरडा, उघडा मुलूख, पाऊस कमी, माणूस विरळ. शेतीला वाईट, रॉकेटला चांगला. मधली दोनेक वर्षं पैसा बंद होता, तेवढी सोडली तर तिथं भरपूर काम झालं. तोल सांभाळायला जायरोस्कोप, जाळाच्या वाटेत फिरणारी पाती, इंधन ढकलणारे पंप. पॅराशूट एस्थर शिवायच्या, फिल्मही त्याच काढायच्या आणि गवताला लागलेली आग विझवायलाही त्याच पळायच्या. १९३७ मध्ये एक रॉकेट अडीच किलोमीटरच्या आसपास वर गेलं.

पण हे सगळं बंद दाराआड. तिकडं जर्मनीत माणसं गटानं काम करत होती, सरकारचा पैसा होता. १९४२ मध्ये त्यांचं व्ही-२ उडालं आणि पुढं लंडनवर पडलं. गॉडर्ड अमेरिकन नौदलासाठी विमानाला जोर देणाऱ्या रॉकेटवर काम करत होते. १९४५ मध्ये पकडून आणलेल्या व्ही-२ चे भाग त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि आपल्याच कल्पना त्यात दिसल्यासारखं त्यांना वाटलं. तोवर घशाच्या कॅन्सरनं धरलं होतं. १० ऑगस्ट १९४५ ला बाल्टिमोरमध्ये ते गेले, वय ६२.

पुढचं काम एस्थर यांनी केलं. नवऱ्याच्या वह्या, रेखाटनं चाळून त्यांनी आणखी १३१ पेटंट मिळवली, सगळी मिळून २१४ झाली. १९५९ मध्ये नासानं आपल्या एका मोठ्या केंद्राला गॉडर्ड यांचं नाव दिलं. ही पेटंट चुकवून रॉकेट बनवणं शक्य नाही हे अमेरिकन सरकारलाही कळलं आणि १९६० मध्ये त्यांनी दहा लाख डॉलर मोजले. न्यूयॉर्क टाइम्सनं चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राकडं निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गॉडर्ड जाऊन तेव्हा २४ वर्षं होत आली होती.

एफी वॉर्ड यांच्या त्या शेतावर आता गोल्फचं मैदान झालंय. रॉकेट उडालं तिथं एक खुणेचा दगड उभा आहे.