म्यूर यांचे अरण्य

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस म्यूर वुड्स हे निःशब्द अरण्य आहे. उत्तुंग रेडवूड वृक्षांखालून पायवाटा जातात. दाट सावलीत ठिपकेदार घुबडांचा अधिवास आहे.

जॉन म्यूर यांचा जन्म १८३८ मध्ये स्कॉटलंडमधील डनबार येथे झाला. १८४९ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले. १८६७ मध्ये कारखान्यातील अपघातात त्यांची दृष्टी काही काळ हरपली. ती परत येताच नोकरी सोडून त्यांनी रानवाटा धरल्या. १८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान साकारले, त्यात त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा होता.

म्यूर वुड्सच्या जागी एका पाणी कंपनीला धरण बांधायचे होते. मालक विल्यम केंट यांनी ते अरण्यच सरकारला अर्पण केले. १९०८ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झाले आणि केंट यांच्या इच्छेनुसार त्याला म्यूर यांचे नाव मिळाले.

योसेमिटीतील हेच हेची दरीत सॅन फ्रान्सिस्कोसाठी धरण बांधण्याचाही प्रस्ताव होता. म्यूर यांनी प्राणपणाने विरोध केला. काँग्रेसचे सदस्य झालेले केंट मात्र धरणाच्या बाजूने उभे राहिले. १९१३ मध्ये मंजुरी मिळाली. २४ डिसेंबर १९१४ रोजी म्यूर निवर्तले. दरी बुडाली. मित्राने दिलेले अरण्य मात्र आजही त्यांचे नाव सांगत उभे आहे.