खाशाबा जाधवांचा गुडघा

जत्रेतल्या हगाम्यात हे हमखास दिसतं. पाय जमिनीत रुतलेला राहतो, अंग वर फिरतं आणि पैलवान गुडघा धरून खाली बसतो. लगेच कुणीतरी तेल घेऊन चोळायला येतं. २०२५ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा ज्या अहिल्यानगरात झाली, तिथल्या कुस्तीशौकिनांना हे सांगायला नको. पण गुडघ्याच्या एका दुखापतीने काय हातचं जातं, हे पाहायचं तर खाशाबा जाधवांकडे बघावं.

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वरला त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले, तेही मातीतली सवय असताना मॅटवर. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला त्यांच्या मिरवणुकीत बैलगाड्याच शंभरावर होत्या!

१९५५ मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले. पुढचं लक्ष्य होतं १९५६ चं मेलबर्न. पण गुडघा गंभीर दुखावला आणि ते ऑलिंपिक हुकलं.

कुस्तीत गुडघा पिळला की बहुधा दोन गोष्टी दुखावतात: हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट आणि हाडांमधली कूर्चेची गादी. एक्स-रेमध्ये या दोन्ही दिसत नाहीत, म्हणून हाड शाबूत आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. त्या काळी एमआरआय नव्हता. आज लक्षणांवरूनही बराच अंदाज येतो. कट्‌ असा आवाज होऊन दोन-तीन तासांतच गुडघा फुगला, तर आत रक्त साठल्याची शक्यता असते; लिगामेंट तुटलं असेल. सूज दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मध्येच अडकत असेल, तर गादीवर संशय घ्यावा. चालताना गुडघा दगा देत असेल, तर आखाड्यात उतरूच नये.

पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं बंद. त्याने सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा लावावा. क्रेप बँडेज बांधावं, पण बोटं बधिर होतील इतकं घट्ट नको. पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. पाऊल गार किंवा बधिर पडलं, तर थेट दवाखाना गाठावा.

खाशाबा पुढे सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.