विल्सन बेंटली : हिमकणांच्या मागे लागलेला शेतकरी

खिडकीच्या काचेवर रात्रीतून उमटणारी बर्फाची नक्षी, गवताच्या पात्यावर गोठलेले दहिवर, कोळ्याच्या जाळ्यावर लोंबणारे दवबिंदू आणि आकाशातून उतरणारे हिमकण यांचे आयुष्य काही क्षणांचे, फार तर एका सकाळचे असते. हे क्षणभंगुर सौंदर्य काचेच्या पट्ट्यांवर कायमचे पकडून ठेवण्यासाठी अमेरिकेतील एका अल्पशिक्षित शेतकऱ्याने जवळजवळ पन्नास हिवाळे खर्ची घातले. त्याचे नाव विल्सन बेंटली.

९ फेब्रुवारी १८६५ रोजी व्हरमाँट राज्यातील जेरिको या खेड्यात बेंटली यांचा जन्म झाला. कडाक्याची थंडी आणि भरपूर हिमवृष्टी हे या डोंगराळ भागाचे वैशिष्ट्य. त्यांची आई पूर्वी शिक्षिका होती. चौदाव्या वर्षापर्यंत मुलाचे शिक्षण तिने घरीच केले. पंधराव्या वर्षी तिच्याकडील जुना सूक्ष्मदर्शक मुलाच्या हाती आला आणि त्याखाली त्याने पहिल्यांदा हिमकण पाहिला. जे दिसले ते कागदावर उतरवण्याची त्याची धडपड सुरू झाली. पण चित्र पूर्ण होण्याआधीच हिमकण विरघळून जाई. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडणे हाच यावर उपाय होता. त्याचा खर्च सुमारे शंभर डॉलर होता. दुभत्या गाईंवर चालणाऱ्या घराला ही रक्कम जड होती. वडिलांना हा सारा खुळचटपणा वाटत होता. अखेर आईच्या आग्रहामुळे ते राजी झाले. मत मात्र त्यांनी बदलले नाही.

कॅमेरा आला तरी यश लगेच आले नाही. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बेंटली यांना एकट्या हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र घेता आले. त्यांची पद्धत पुढे फारशी बदलली नाही. पडते बर्फ काळ्या फळीवर झेलायचे, निवडलेला स्फटिक बारीक काडीने उचलून काचेवर ठेवायचा, पिसाने हलकेच सपाट करायचा आणि त्यातून आरपार येणाऱ्या उजेडात छायाचित्र घ्यायचे. हे सारे शेकोटी नसलेल्या पडवीत, श्वास रोखून चाले. उच्छ्वासाची ऊबही स्फटिक वितळवायला पुरेशी होती. गावकऱ्यांना हा उद्योग विक्षिप्तपणाचा वाटे. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या बेंटली यांनी त्याची फारशी पर्वा केली नाही.

व्हरमाँट विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांच्या साहाय्याने १८९८ मध्ये त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. स्फटिकाचा आकार तो ज्या ढगातून, ज्या तापमानातून आला त्याची माहिती सांगतो, अशी त्यांची धारणा होती. १९०४ मध्ये त्यांनी पावसाच्या थेंबांचा अभ्यासही प्रसिद्ध केला. परातीत चाळलेले पीठ पसरून त्यावर थेंब पडू द्यायचे आणि तयार झालेल्या गोळ्यांवरून थेंबांचा आकार ठरवायचा, असा हा घरगुती प्रयोग होता. तो जवळजवळ चार दशके दुर्लक्षित राहिला. पुढे १९४० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हीच पिठाची पद्धत वापरली.

त्यांच्यावर आक्षेपही घेतला गेला. पार्श्वभूमी काळी दिसावी म्हणून बेंटली निगेटिव्हवरील स्फटिकाभोवतीचा लेप चाकूने खरवडून काढत. जर्मनीतील छायाचित्रकार रिचर्ड नॉयहाउस यांना हे मान्य नव्हते. अशा कोरण्यात स्फटिकाची मूळ कडा बदलते आणि छायाचित्राचे वैज्ञानिक मूल्य उरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. शिवाय बेंटली सुबक, सममित स्फटिकच अधिक निवडत. प्रत्यक्षात पडणाऱ्या बर्फात वेडेवाकडे, मोडके कणच जास्त असतात. मात्र या त्रुटी धरूनही, त्यांनी जमवलेल्या पाच हजारांहून अधिक छायाचित्रांच्या तोडीचा संग्रह त्या काळी दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

एकासारखा दुसरा हिमकण नसतो, ही आज सर्वतोमुखी झालेली समजूतही बहुतांशी त्यांच्यामुळेच रूढ झाली. हजारो स्फटिक पाहूनही त्यांना जुळी जोडी सापडली नव्हती. १९८८ मध्ये अमेरिकेतील संशोधिका नॅन्सी नाइट यांनी जवळजवळ सारखे दिसणारे दोन स्फटिक प्रसिद्ध केले, तेव्हा या समजुतीला पहिला धक्का बसला.

यातून पैसा मात्र मिळाला नाही. पाच-पाच सेंटला काचपट्ट्या विकणाऱ्या या माणसाला अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेने १९२४ मध्ये आपले पहिले संशोधन अनुदान दिले, तेही २५ डॉलरचे! सुमारे २४०० छायाचित्रांचा त्यांचा ‘स्नो क्रिस्टल्स’ हा ग्रंथ नोव्हेंबर १९३१ मध्ये निघाला. त्यातील शास्त्रीय मजकूर हवामानतज्ज्ञ डब्ल्यू. जे. हम्फ्रीज यांचा होता. त्यानंतर काही आठवड्यांतच बर्फाच्या वादळातून कित्येक मैल पायी चालत बेंटली घरी परतले आणि आजारी पडले. २३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

हा ग्रंथ जपानमध्ये उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाच्या पाहण्यात आला. होक्काइडो विद्यापीठातील शीतगृहात नाकाया यांनी १९३६ मध्ये सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि तापमान व आर्द्रता यांनुसार त्याचा आकार कसा बदलतो, हे प्रयोगाने दाखवून दिले. जेरिकोतल्या पडवीत बांधलेला अंदाज मुळात बरोबर होता. बेंटली यांच्या मूळ काचपट्ट्यांचा मोठा संग्रह बफेलो येथील विज्ञान संग्रहालयाकडे आहे.